एमजीबीच्या आसनांचे नूतनीकरण : रबरी पडदे, नवा फोम, चामडी कव्हरे आणि कारागिराचे काम

जुन्या स्पोर्ट्‌स गाडीच्या आसनांवर खर्च करायचा झाला, तर पहिला पैसा डोळ्यांना न दिसणाऱ्या भागांवर पडावा आणि उरेल तो चामड्यावर, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे ज्या तीन वस्तूंचे आणि एका सेवेचे परीक्षण केले आहे, ते याच निकषावर. गाडी १९७२ सालची, उघड्या टपाची एमजीबी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्‌स गाडी, आहे. वस्तू म्हणजे बैठकीखालचे रबरी पडदे, साच्यात घडवलेला नवा फोम आणि काळ्या चामड्याच्या कव्हरांचा तयार संच. या तिन्ही वस्तू जुन्या ब्रिटिश गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका मोठ्या व्यापाऱ्याकडून घेतल्या. सेवा म्हणजे हे सारे बसवून देणाऱ्या, ऑक्सफर्डशायरमधील एका छोट्या कार्यशाळेतील कारागिराचे काम.

एमजीबी ही ऑक्सफर्डच्या दक्षिणेस थेम्सकाठी वसलेल्या ॲबिंग्डन गावात १९६२ पासून ऑक्टोबर १९८० पर्यंत तयार होत होती, आणि त्या काळात उघडी गाडी व बंद टपाची जीटी मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या कारखान्याबाहेर पडल्या. महाराष्ट्रात आज एमजी म्हटले की गुजरातमधील हालोलच्या कारखान्यातून येणारी हेक्टर आठवते. त्या अष्टकोनी चिन्हाचे मूळ मात्र ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसमध्ये आहे. एवढ्या मोठ्या संख्येने गाड्या बनल्या आणि टिकल्या, म्हणून एमजीबीचा बहुतेक प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. १९८८ पासून तर पत्र्याचा संपूर्ण सांगाडाही नव्याने बनवून विकला जाऊ लागला. आसनांच्या बाबतीत हीच विपुलता ग्राहकाची परीक्षा पाहते, कारण वरवर सारख्या दिसणाऱ्या संचांमध्ये साल, साहित्य आणि शिलाई यांचे मोठे फरक दडलेले असतात.

सुरुवातीच्या गाड्यांना, म्हणजे साधारण १९६८ पर्यंत, बैठकीला आणि पाठीला चामडे असे आणि शिवणीवर वेगळ्या रंगाची पायपिंग, म्हणजे गोल गोट, असे. साठच्या दशकाच्या अखेरीस मागे कलणाऱ्या पाठीची आसने आली आणि १९७० च्या मॉडेलपासून चामड्याची जागा रेक्झिनने घेतली. पुढे जीटीला मऊ नायलॉनचे कापड मिळाले, आणि १९७६ च्या मध्यात, डॅशबोर्ड बदलला त्याच वेळी, पट्ट्यापट्ट्यांचे ते कापड आले ज्याला सगळे ‘डेकचेअर’ म्हणतात. त्यामुळे संच मागवताना केवळ नोंदणीचे वर्ष सांगणे पुरेसे नाही. पन्नास वर्षांत किती गाड्यांची आसने दुसऱ्या सालच्या गाडीतून काढून बसवली गेली असतील, याची गणती नाही. शिवाय बहुसंख्य एमजीबी अमेरिकेत गेल्या, तिथे हेडरेस्टचे नियम वेगळे होते, आणि त्यातील अनेक गाड्या नंतर ब्रिटनमध्ये परत आल्या. म्हणून आधी स्वतःच्या आसनाचे छायाचित्र घ्यावे, घड्यांची (कव्हरावर शिवलेल्या पट्ट्यांची) संख्या व दिशा पाहावी, हेडरेस्टसाठी भोक आहे की नाही ते तपासावे, आणि तेच छायाचित्र विक्रेत्याला पाठवून लेखी होकार मिळवावा. ज्या व्यापाऱ्याकडून मी संच घेतला, त्यांनी ही चौकशी शांतपणे ऐकून घेतली आणि नेमका कोणता संच लागेल ते सांगितले. त्यांच्या सेवेतील ही बाजू मला सर्वांत चांगली वाटली.

आता आसनाच्या पोटात काय असते ते पाहू, कारण सगळे परीक्षण त्यावरच अवलंबून आहे. या काळातील एमजीबीच्या बैठकीत लोखंडी स्प्रिंगा नसतात. पोलादी चौकटीच्या मध्यभागी रबराचा एक जाड पडदा तारेच्या आकड्यांनी चारी बाजूंनी ताणून बसवलेला असतो, आणि फोमची गादी त्या पडद्यावर टेकते. म्हणजे रस्त्याचा प्रत्येक धक्का आधी हे रबर सोसते आणि मग फोम. रबर जुने झाले की ते आधी आपली ताण धरण्याची ताकद गमावते, मग आकड्यांच्या भोकांपाशी चिरते, आणि शेवटी एखादा कोपरा सुटून बैठक नवार सैल झालेल्या खाटेसारखी मध्येच खोल जाते. बसणाऱ्याचे वजन अशा वेळी फोमला चौकटीच्या आत ओढते, फोमबरोबर कव्हर ओढले जाते, आणि तो सारा ताण कडेच्या शिवणीवर येतो. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत चालक उजव्या कडेवरून घसरत आत बसतो, त्यामुळे नेमकी तिथली शिवण प्रथम उसवते. लोक तेवढी उसवलेली शिवण पाहतात आणि नवे कव्हर मागवतात. पडदा तसाच राहिला, तर नवे कव्हरही त्याच जागी त्याच कारणाने फाटणार, यात मला शंका वाटत नाही. जुने कव्हर काढून खालचा पडदा पाहिल्याशिवाय कव्हराची मागणी नोंदवूच नये.

नव्या पडद्यांबद्दल तक्रारीला जागा नाही. रबर पुरेसे जाड आहे, भोकांच्या कडा मजबूत आहेत, आणि संपूर्ण खर्चात हा भाग सर्वांत स्वस्त आहे. आकडे मात्र वेगळे मागवावे लागतात. जुने आकडे वापरता येतात, पण त्यांच्यावरचा गंज रबराला कापतो, म्हणून नवे घेणेच शहाणपणाचे. पडदा ताणून शेवटचा आकडा बसवायला मनगटात ताकद लागते. कारागिराने हे काम रबर थोडे गरम करून, समोरासमोरचे आकडे आळीपाळीने लावत केले, त्यामुळे ताण सगळीकडे सारखा राहिला. काही जण या जागी सोफ्यासाठी मिळणाऱ्या रबरी पट्ट्या उभ्याआडव्या विणून लावतात. तोही मार्ग चालतो, परंतु एक अखंड पडदा जो सलग आधार देतो तो पट्ट्यांतून मिळत नाही, आणि पडदा सहज उपलब्ध असताना तो प्रयोग करण्याचे कारण मला दिसत नाही.

फोमच्या बाबतीत परीक्षण इतके सरळ नाही. पॉलियुरेथेनचा फोम हवेतील ऑक्सिजन आणि ओलावा यांमुळे हळूहळू विघटित होतो. आसन काढले की गालिच्यावर पिवळट-तपकिरी भुकटी सापडते ती याचीच. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक, फोमच्या ठोकळ्यांतून तुकडे कापून एकमेकांना चिकटवलेला. दुसरा, मूळ आकाराच्या साच्यात घडवलेला. पहिला स्वस्त असतो, पण त्याच्या जोडांच्या रेषा काही काळाने चामड्यावर उमटतात आणि कडेचे उंचवटे दोन्ही आसनांवर एकसारखे येत नाहीत. दुसरा महाग असतो, पण आकार बिनचूक असतो. मी साच्यातला घेतला. आकार उत्तम होता, दोन्ही पाठी हुबेहूब जुळल्या, आणि कडांना जो भरीव गोलावा हवा तो आपोआप मिळाला. बैठकीचा फोम मात्र मूळ गादीपेक्षा कडक आणि उंच निघाला, आणि उघड्या एमजीबीत ही गोष्ट किरकोळ नाही.

या गाडीत विंडस्क्रीन ठेंगणी आहे आणि तिच्या वरच्या कडेला धातूची जाड पट्टी आहे. स्टिअरिंगचे चाक मोठे आहे आणि ते मांड्यांच्या अगदी वर येते. बैठक एका इंचाने जरी उंचावली, तरी मध्यम उंचीच्या माणसाची नजर त्या धातूच्या पट्टीवर अडते, चाक मांड्यांना लागते, टप चढवल्यावर डोके कापडाला टेकते. नव्या फोमवर पहिल्यांदा बसल्यावर आसन सुंदर दिसते पण गाडी आपली वाटत नाही, अशी भावना होते ती यामुळे. विक्रेते सांगतात की फोम काही महिन्यांत दबतो. तो दबतो हे खरे, पण नवा ताठ पडदा आणि नवा कडक फोम एकत्र आल्यावर जेवढी उंची वाढते तेवढी सगळी वापराने उतरत नाही. कारागिराने यावर जो उपाय केला तो मला अतिशय योग्य वाटला. त्याने फोमच्या वरच्या घडीव पृष्ठभागाला हात लावला नाही. खालच्या बाजूने, विजेवर चालणाऱ्या लांब दातेरी सुरीने, मध्यभागी एक सपाट थर काढून टाकला, आणि कडांना तसेच ठेवले. त्यामुळे बैठक खाली आली, कडेचे उंचवटे जागेवर राहिले, आणि कव्हराला लागणारा घेर बदलला नाही. असे काम करण्याआधी त्याने मला नुसत्या फोमवर गाडीत बसवून, चाक हातात देऊन, नजर कुठे पोहोचते ते पाहिले. ज्या कार्यशाळेत ग्राहकाला कव्हर चढवण्यापूर्वी असे बसवून पाहत नाहीत, तिथे हे काम देऊ नये.

आसन खाली आणण्याचा आणखी एक मार्ग सुचवला जातो. एमजीबीत आसनाच्या रनरखाली, म्हणजे आसन ज्यांवर पुढेमागे सरकते त्या रुळांखाली, लाकडाच्या पट्ट्या असतात, त्या काढून टाकल्या की उंची कमी होते. पण त्या पट्ट्या रनरला गालिच्यापासून वर ठेवण्यासाठी आहेत. त्या काढल्यावर रनर गालिच्यात रुततात आणि आसन पुढेमागे सरकेनासे होते. माझ्या गाडीतील जुन्या पट्ट्या पाणी शोषून कुजल्या होत्या, त्या जागी नव्या, नीट रंगवलेल्या पट्ट्या बसवून घेतल्या.

कव्हरांचा संच आल्यावर प्रथम पाहण्याची गोष्ट ही की ‘चामड्याचा संच’ या नावाखाली नेमके किती चामडे आहे. अशा बहुतेक संचांत अंगाला लागणारा भाग, म्हणजे बैठकीचा व पाठीचा दर्शनी पृष्ठभाग, तेवढा चामड्याचा असतो, आणि बाजू व मागचा भाग रंगाने जुळणाऱ्या रेक्झिनचा असतो. यात फसवणूक नाही. ही ब्रिटिश मोटारउद्योगाची जुनी पद्धत आहे, महागड्या गाड्यांतही ती वापरली जात असे, आणि ओढल्या-ताणल्या जाणाऱ्या मागच्या बाजूला रेक्झिनच अधिक टिकते. विक्रेत्याने हे आधीच स्पष्ट सांगितले होते. काळ्या रंगात चामडे आणि रेक्झिन यांतील फरक जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. लाल किंवा बदामी रंगात मात्र दोन्हींच्या छटा दिवसाच्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात, तेव्हा त्या रंगांत मागवणाऱ्याने दोन्हींचे तुकडे नमुन्यादाखल मागून खिडकीपाशी धरून पाहावेत.

चामडे सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीचे, वरून रंगाचा संरक्षक थर दिलेले आहे. ज्यांना हाताला लोण्यासारखे लागणारे, छिद्रे दिसणारे, उघड्या पोताचे चामडे आवडते त्यांची थोडी निराशा होईल. पण टप उघडे ठेवून चालवायच्या गाडीला, जिथे ब्रिटनच्या ऐन उन्हाळ्यात, ऑगस्टमध्येही, पावसाची सर अचानक येते, असेच थर दिलेले चामडे हवे. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या संदर्भात कॉनोली हे नाव अजून आदराने घेतले जाते. १८७८ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या या घराण्याच्या पेढीने रोल्स-रॉइस, जॅग्वार आणि फेरारीपर्यंत सर्वांना चामडे पुरवले, आणि तिचा तो मूळ उद्योग २००२ मध्ये बंद झाला. आजच्या संचांच्या चामड्याची तुलना त्या नावाशी करत बसण्यापेक्षा जाडी, थर आणि रंग पक्का आहे की नाही हे विचारणे अधिक उपयोगाचे. ओल्या पांढऱ्या कापडाने घासून पाहिल्यावर या संचाचा रंग अजिबात उतरला नाही.

शिलाई सरळ आणि एकसारखी आहे. दोरा पॉलिस्टरचा आहे, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण उन्हात नायलॉनचा दोरा लवकर कमकुवत होतो आणि सुती दोरा ओलाव्याने कुजतो. मधल्या घड्या खऱ्या शिवलेल्या आहेत, त्यांच्या आत फोमचा पातळ थर आहे, आणि त्या बैठकीपासून पाठीपर्यंत एका रेषेत जुळतात. दोष एकच निघाला, पण तो लहान नव्हता : डाव्या आसनाच्या पाठीच्या कव्हरात हेडरेस्टचे भोक मध्यापासून बोटभर सरकलेले होते. विक्रेत्याने छायाचित्र पाहून वाद न घालता दुसरे कव्हर पाठवले. तथापि त्यात काही आठवडे गेले आणि तोवर कार्यशाळेतील माझी पाळी पुढे ढकलली गेली. चढवलेले कव्हर कोणी परत घेत नाही, म्हणून पेटी उघडल्याबरोबर चारही कव्हरे जुन्या कव्हरांशेजारी पसरून मापे ताडून पाहावीत आणि मगच ती कारागिराकडे न्यावीत.

१९७२ च्या गाडीला कारखान्याने रेक्झिन दिले होते, तेव्हा मी चामडे का घेतले, असा प्रश्न मूळ स्वरूपाचा आग्रह धरणारे विचारतील, आणि त्यांचा मुद्दा बरोबर आहे. मूळपणा तपासून गुण देणाऱ्या स्पर्धेत या आसनांना गुण कमी मिळतील. मी गाडी चालवण्यासाठी ठेवली आहे. लांबच्या प्रवासात रेक्झिनवर पाठ घामेजते, चामड्यावर कमी घामेजते, आणि सुरुवातीच्या एमजीबीला चामडे होतेच, त्यामुळे ते या गाडीच्या वंशाला परके नाही. ज्याची गाडी अस्सल मूळ स्थितीत टिकून आहे, मूळ रेक्झिन धड आहे, त्याने मात्र ते बदलू नये. अशा वेळी फक्त पडदा व फोम नवा घालून जुनेच कव्हर पुन्हा चढवून घ्यावे. असे करता येते, आणि चांगला कारागीर ते आनंदाने करतो.

कारागिराच्या कामाविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण एकूण खर्चात त्याच्या मजुरीचा वाटा कव्हरांच्या किमतीपेक्षा जास्त होता आणि तो योग्य होता असे मी मानतो. त्याने प्रथम आसने पूर्ण सुटी केली आणि उघड्या सांगाड्यांची तपासणी केली. चालकाच्या आसनात पाठ जिथे बिजागरीला जोडलेली असते तिथे जोडाला बारीक तडा गेला होता. मागे कलणाऱ्या पाठीच्या आसनांत पाठीचा सारा भार या एका जागेवर येतो, आणि हा तडा कव्हराखाली वर्षानुवर्षे लपून राहतो. तो वेल्डिंगने भरून, सांगाडे गंजमुक्त करून रंगवले. रंगकाम साधेच आहे. दिसणार नाही म्हणून त्यावर वेळ घालवला नाही, हे त्याने आधीच सांगितले होते.

कव्हर चढवताना त्याची पद्धत पाहण्यासारखी होती. फोमवर त्याने कापसासारखी मऊ पॉलिस्टरची पातळ चादर पसरली, ज्यामुळे चामडे भरलेले दिसते आणि बारीक सुरकुत्या दबतात. त्यावर पातळ प्लास्टिकचा कागद घातला, म्हणजे कव्हर फोमला न चिकटता सरकत खाली येते. चामडे उबदार हवेने सैल केले. मग कडा ओढण्याची घाई न करता आधी मधल्या घड्यांचा भाग फोमच्या खोलगट जागेत गोंदाने बसवून वाळू दिला, आणि त्यानंतरच मध्यापासून बाहेर, समोरासमोरच्या कडा आळीपाळीने ताणत, खालच्या चौकटीवर पोलादी क्लिपा लावल्या. मधला भाग आधी पक्का न करता कडा ताणल्या, तर पाठीच्या खोलगट भागात चामडे पुढे उचलले जाऊन झोळ येतो. बाजारात विकायला असलेल्या अनेक गाड्यांत हा झोळ दिसतो. गोंदही उष्णता सहन करणारा लागतो, कारण उन्हात उभ्या असलेल्या उघड्या गाडीचे काळे आसन इतके तापते की साधा गोंद सुटतो. एका कव्हराची मागची दुमड आखूड होती, ती त्याने उसवून रेक्झिनची पट्टी जोडून वाढवली. तयार संच म्हणजे नुसता चढवायचा अंगरखा, ही समजूत तिथे दूर झाली. दिलेल्या तारखेपेक्षा काम बरेच उशिरा पूर्ण झाले, आणि उशीर होणार हे मला मीच विचारल्यावर कळले. या एका बाबतीत सेवेत सुधारणेला वाव आहे.

घरच्या घरी हे काम करावे का, या प्रश्नाला माझे उत्तर साहित्यावर अवलंबून आहे. रेक्झिनचा संच, थोडा संयम आणि एक मदतनीस असेल तर जरूर करावे. रेक्झिन ऊब दिली की चांगले ताणले जाते आणि गोंदाचा डाग पुसता येतो. चामड्याच्या बाबतीत मी धोका पत्करणार नाही. चामड्याला एकदा पडलेले सुईचे भोक बुजत नाही आणि जास्त ताणलेला भाग पूर्ववत होत नाही. चामड्याच्या संचाला रेक्झिनच्या दुपटीहून अधिक पैसे मोजलेले असताना मजुरीत काटकसर करणे मला पटत नाही.

आसने बाहेर असताना गाडीचा तळ पाहणे हे याच कामाचा भाग मानावे. एमजीबीला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालचे पत्र्याचे पोकळ भाग) आणि त्यांच्या आतले पत्रे मिळून गाडी ताठ राहते, आणि उघड्या गाडीत तर टपाचाही आधार नसतो. आसनाचे बोल्ट ज्या नटांत फिरतात ते तळाला कायमचे जोडलेले असतात. ते गंजले असतील तर बोल्टबरोबर गोल फिरू लागतात, म्हणून आधीच गंज सैल करणारे तेल घालून काही काळ थांबावे. नवी आसने कुजलेल्या पत्र्यावर बसवण्याला अर्थ नाही.

दुसरा एक मार्ग ब्रिटनमध्ये फार लोकप्रिय आहे, तो म्हणजे १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ची आसने एमजीबीत बसवणे. ती आसने पाठीला अधिक आधार देतात, त्यांना स्वतःचे हेडरेस्ट असते, आणि जुन्या गाड्यांच्या भंगारातून ती मिळतात. परंतु त्यांचे रनर एमजीबीच्या भोकांवर बसत नाहीत, कापाकापी आणि वेल्डिंग करावे लागते, मधल्या बोगद्याला (दोन आसनांमधील तळाच्या उंचवट्याला) आणि दाराच्या बाजूला जागा अगदी बेताची उरते, आणि उंचीचा जो प्रश्न मी वर मांडला तो इथेही उभा राहतो. शिवाय असा बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. ज्यांना पाठीचे दुखणे आहे त्यांनी हा पर्याय जरूर बसून पाहावा. माझ्या नजरेला मात्र त्या जपानी आसनांचे उंच खांदे एमजीबीच्या ठेंगण्या दारांमागे खटकतात, आणि नीट बांधलेले मूळ आसन लांबच्या प्रवासाला पुरते असा माझा अनुभव आहे.

मुंबई-पुण्याकडे ज्यांच्याकडे या काळातील ब्रिटिश गाड्या आहेत त्यांच्यासाठी सल्ला थोडा वेगळा आहे. तिथे पावसाळ्यात बंद गॅरेजमध्ये चामड्यावर बुरशी धरते आणि एप्रिल-मे महिन्यांत काळे चामडे बसवत नाही इतके तापते. त्यामुळे चांगल्या प्रतीचे, फिक्या रंगाचे रेक्झिन तिथे अधिक योग्य ठरेल, आणि एमजीबीच्या १९७० नंतरच्या काळाशी ते सुसंगतही आहे. आपल्याकडच्या सीट शिवणाऱ्या कारागिरांच्या हातात उत्तम कसब आहे. अडचण येते ती आतल्या भागांची. म्हणून परदेशातून रबरी पडदे, आकडे आणि साच्यातला फोम एवढेच मागवावे आणि कव्हरे आपल्याकडेच शिवून घ्यावीत. जुनी कव्हरे फाटली असली तरी टाकू नयेत. ती शिवणीवर उसवून प्रत्येक तुकड्यावरून कागदी नमुना काढला, की घड्यांची अंतरे आणि पायपिंगची वळणे मूळ मापाने येतात. कारागिराकडून साधा मऊ फोम वर चढवून ‘आरामशीर’ गादी करण्याचा आग्रह बहुधा होईल, तो मान्य करू नये.

आसने बसवून आता एक उन्हाळा आणि एक हिवाळा उलटला आहे. बैठकीच्या पुढच्या कडेला पहिल्या काही महिन्यांत हलक्या सुरकुत्या आल्या, चामडे आणि फोम एकमेकांवर बसत असल्याने त्या अपेक्षितच होत्या. कारागिराने ठरल्याप्रमाणे विनामूल्य क्लिपा काढून ते पुन्हा ताणून दिले, आणि त्यानंतर सुरकुत्या परतल्या नाहीत. मजुरी ठरवतानाच हे दुसऱ्यांदा ताणून देण्याचे काम त्यात धरलेले आहे ना, ते विचारून घ्यावे. देखभालीला ओलसर कापड आणि सौम्य साबण पुरतो. वरून थर दिलेल्या चामड्यात तेले मुरत नाहीत, ती पृष्ठभागावर राहून धूळ धरतात, आणि सिलिकॉनयुक्त चकाकी आणणाऱ्या द्रव्यांनी आसन निसरडे होते. उजव्या कडेवर, जिथून आत शिरावे लागते, तिथे रंगाचा थर सर्वांत आधी झिजेल हे दिसतेच आहे. त्यासाठी विक्रेत्याकडून त्याच रंगाच्या चामड्याचा एक वेगळा तुकडा संचाबरोबरच मागवून ठेवला आहे, कारण पुढच्या खेपेच्या चामड्याची छटा हीच असेल याची हमी कोणी देत नाही, आणि कडेची एक पट्टी बदलण्यासाठी पूर्ण कव्हर घ्यावे लागू नये.